पालकाचे नामुल: कोरियन पद्धतीची साधी भाजी घरी कशी करावी आणि ती कोणी जपून खावी?

गेल्या काही वर्षांत कोरियन मालिका आपल्या घराघरांत पोहोचल्या आणि त्यांच्या मागोमाग तिथले जेवणही आले. घरातली कॉलेजला जाणारी मुले युट्यूबवर पाहून काहीतरी करून बघतात आणि आजी-आजोबांच्या ताटातही वाढतात. यात वाईट काहीच नाही. पण मध्यंतरी माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या एका आजींच्या बाबतीत एक गोष्ट घडली, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

आजींच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या रोज वॉरफरिनची गोळी घेतात. एरवी त्यांची आयएनआरची तपासणी व्यवस्थित असते. त्या वेळी मात्र आकडा हव्या त्या पातळीच्या बराच खाली आला होता. गोळी चुकली नव्हती, नवे औषध सुरू केले नव्हते. खोदून विचारल्यावर कळले की नातीने पालकाची एक कोरियन भाजी शिकून घेतली होती आणि ती आवडल्यामुळे आजी पंधरा दिवस रोज वाटीभर खात होत्या. भाजी चांगलीच होती. फक्त आजींच्या गोळीचे आणि पालकाचे गणित कोणी त्यांना सांगितले नव्हते.

ही भाजी म्हणजे नामुल. ती कशी करायची, तिच्यातून काय मिळते आणि कोणी काय काळजी घ्यावी, हे क्रमाने पाहू.

नामुल म्हणजे काय?

कोरियन भाषेत खाण्याजोग्या पालेभाज्या, मोड आणि रानभाज्या यांना आणि त्यांपासून केलेल्या तोंडीलावण्यालाही 'नामुल' म्हणतात. कोरियन जेवणात भाताबरोबर लहान लहान वाट्यांत जी तोंडीलावणी मांडतात, त्यांना 'बानचान' म्हणतात. नामुल हा त्यातलाच एक प्रकार. पालकाच्या नामुलाला 'शिगुमची नामुल' म्हणतात, तर सोयाबीनच्या लांब मोडांच्या नामुलाला 'कोंगनामुल'. भातावर वेगवेगळ्या भाज्या मांडून केलेला 'बिबिमबाप' तुम्ही ऐकला असेल, त्यातल्या बऱ्याच भाज्या म्हणजे नामुलच असतात. चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला तिथे पाच धान्यांचा भात आणि आधीच्या हंगामात वाळवून ठेवलेल्या भाज्यांची नामुले खाण्याची प्रथा आहे.

पद्धत अगदी साधी आहे. भाजी थोडा वेळ उकळत्या पाण्यात बुडवून काढायची, पाणी पिळायचे आणि सोया सॉस, तिळाचे तेल, लसूण, तीळ घालून हाताने कालवायची. फोडणी नाही, तळण नाही. कोरियन लोक चांगल्या स्वयंपाकाला 'हाताची चव' असा शब्द वापरतात. आपणही 'तिच्या हाताला चव आहे' म्हणतोच.

साहित्य (तीन जणांसाठी)

• निवडलेला पालक: २५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक जुडी
• सोया सॉस: १ चहाचा चमचा
• तिळाचे तेल: १ चहाचा चमचा
• भाजलेले तीळ: १ चहाचा चमचा
• लसूण: १ लहान पाकळी, बारीक चिरून
• पातीच्या कांद्याची पात: १ काडी, बारीक चिरून

कोरियात भाजलेल्या तिळांचे गडद, खमंग वासाचे तेल वापरतात. आपल्या घाण्यावर मिळणारे तिळाचे तेल बहुधा न भाजलेल्या तिळांचे असते, त्यामुळे त्याला तो वास नसतो. ते वापरायला हरकत नाही. तीळ मात्र मंद आचेवर चांगले भाजून जरा खरडून घाला, म्हणजे खमंगपणा येतो. सोया सॉस घट्ट, काळपट नको. पातळ, फिक्या रंगाचा घ्या, नाहीतर भाजी काळी पडते.

कृती

१. पालक निवडून वाहत्या पाण्याखाली दोन-तीन वेळा धुवा. देठांच्या बेचक्यात माती अडकते, तिथे बोट फिरवा. जाड देठ असतील तर उभे चिरून घ्या.

२. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळा. पाणी कमी असले तर पालक टाकताच ते थंड होते आणि भाजी शिजण्याऐवजी गळते.

३. आधी देठ आणि मग पाने पाण्यात सोडा. पाने कोवळी असतील तर ३० ते ४० सेकंद पुरतात. आपल्याकडच्या पालकाच्या अनेक वाणांची पाने कोरियातल्या पालकापेक्षा जाड असतात, त्यांना मिनिटभर लागते. पाने मऊ पडली आणि रंग गडद हिरवा झाला की लगेच काढा.

४. चाळणीत ओतून लगेच पिण्याच्या थंड पाण्यात बुडवा. यामुळे शिजणे तिथेच थांबते आणि रंग हिरवा राहतो.

५. मूठ-मूठ घेऊन पाणी पिळून काढा. पाणी राहिले तर चव पांचट होते, फार जोर लावला तर भाजीचा चोथा होतो. मूठ ओलसर राहील इतपत पिळा.

६. बोटभर लांबीचे तुकडे करून मोकळे करा. लसूण, पात, सोया सॉस, तेल आणि तीळ घालून स्वच्छ हाताने हलके कालवा.

७. चव पाहा. मीठ लगेच घालू नका. पाच मिनिटे थांबा, सोया सॉस भाजीत मुरतो आणि बहुतेक वेळा तेवढाच खारटपणा पुरतो.

यातून काय मिळते?

वरच्या प्रमाणात एका वाढपात साधारण ४० कॅलरी होतात, त्यातला मोठा भाग तेल आणि तिळांचा. तंतुमय पदार्थ, फोलेट, अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक आणि के जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात मिळते. अ आणि के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर नीट शोषले जाते, म्हणून चमचाभर तेल इथे कामाचे आहे.

पालकातल्या लोहाबद्दल मात्र थोडा गैरसमज आहे. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण २.७ मिलिग्रॅम लोह असते, पण त्यातले फारच थोडे अंगी लागते. जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असेल तर शोषण सुधारते, जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने कमी होते. हिमोग्लोबिन कमी असेल आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर पालकाच्या भरवशावर त्या बंद करू नका.

मिठाचा हिशेब

या भाजीत फसगत होते ती सोया सॉसमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, म्हणजे सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. चहाचा एक चमचा सोया सॉसमध्ये साधारण ३०० मिलिग्रॅम सोडियम असते. ते तिघांत वाटले तर प्रत्येकी १०० मिलिग्रॅम. हे चालण्यासारखे आहे.

आता हीच भाजी अंदाजाने केली, म्हणजे तीन चमचे सोया सॉस आणि वर अर्धा चमचा मीठ घातले, तर एकूण सोडियम १९०० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. प्रत्येकाच्या वाट्याला सहाशेहून जास्त, तेही एका तोंडीलावण्यातून. उच्च रक्तदाब, हृदयाचा अशक्तपणा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी सोया सॉस चमच्याने मोजूनच घालावा आणि त्याच जेवणात लोणचे, पापड टाळावेत. किमची आणि खारवलेली मासळी हेही बानचानच आहेत, पण त्यांत मीठ बरेच असते. 'कोरियन म्हणजे पौष्टिक' असे सरसकट धरू नका.

कोणी काळजी घ्यावी?

वॉरफरिन किंवा तशाच प्रकारच्या गोळ्या घेणारे: या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतात आणि पालकात ते भरपूर असते. उकळून पाणी टाकले तरी ते फारसे कमी होत नाही, कारण ते पाण्यात विरघळत नाही. अचानक पालक वाढला तर गोळीचा परिणाम कमी होऊन गुठळीचा धोका वाढतो. अचानक बंद केला तर उलट रक्तस्रावाचा धोका वाढतो. पालेभाजी सोडण्याची गरज नाही, पण दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खा. आहारात बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे तपासणी लवकर करता येईल. आमच्या आजी आता आठवड्यातून दोनदा ठरलेली अर्धी वाटी खातात आणि त्यांचा आयएनआर पुन्हा जागेवर आहे. रक्त पातळ करणाऱ्या सगळ्याच गोळ्यांना हा नियम लागू नाही. तुमची गोळी कोणती, हे विचारून घ्या.

मुतखडा झालेले: पालकात ऑक्सलेट जास्त असते आणि ते कॅल्शियमबरोबर मिळून होणारे खडे सर्वांत जास्त आढळतात. उकळल्याने विरघळणाऱ्या ऑक्सलेटचा बराच भाग पाण्यात उतरतो, म्हणून कच्च्या पालकाच्या स्मूदीपेक्षा नामुल बरे. भाजीचे पाणी कणकेत किंवा सूपमध्ये वापरण्याची आपली सवय चांगली आहे, पण हे पाणी ओतून द्या. जेवणात दही ठेवा. त्यातले कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच बांधून ठेवते. वारंवार खडे होत असतील तर पालकाऐवजी कोबी, दुधी किंवा मुगाच्या मोडांचे नामुल करा.

मूत्रपिंडाचा दीर्घ आजार असलेले: पोटॅशियमवर बंधन असेल तर आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पालक खाऊ नका.

गव्हाची किंवा तिळाची ॲलर्जी, सिलिॲक आजार असलेले: नेहमीच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. लेबल वाचा, शंका असेल तर त्याऐवजी चिमूटभर मीठ वापरा.

मोडांचे नामुल करताना

हीच भाजी मोड आलेल्या मुगाचीही करतात. मूग भिजवून मोड आणताना जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय जंतूची मोठी साथ पसरली आणि सुमारे ५० माणसे दगावली. म्हणून मोड कच्चे किंवा अर्धवट गरम केलेले नकोत. पाणी पुन्हा खळखळ उकळल्यावर दोन-तीन मिनिटे शिजवा, आतपर्यंत गरम झाले पाहिजेत. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि केमोथेरपी घेणारे यांच्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे. कोरियन सोयाबीनचे मोड मिळाले तर ते पाच ते सात मिनिटे शिजवा. झाकण ठेवायचे तर शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर सुरुवातीपासून उघडेच राहू द्या. मध्येच उघडले तर उग्र वास येतो, असा तिथल्या बायकांचा अनुभव आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नामुल किती दिवस टिकते?
केल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात तासाभरात. दोन दिवसांत संपवा. वास आंबूस आला किंवा भाजी चिकट लागली तर टाकून द्या.

लसूण तेलात घालून आधीच करून ठेवता येईल का?
नाही. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला तर बॉट्युलिझमसारखी दुर्मीळ पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. त्या तेलाचा वास किंवा चव बिघडलेली कळत नाही. लसूण आयत्या वेळी चिरा.

मधुमेहात चालेल का?
हो. जेवणाच्या सुरुवातीला खाल्ले तर भात आपोआप थोडा कमी खाल्ला जातो. काही कृतींत साखर घालतात, ती वगळा. औषध मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका.

लहान बाळाला देता येईल का?
सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे. त्यानंतर वर्षाच्या आतल्या बाळासाठी सोया सॉस न घालता ताजा शिजवलेला पालक मऊ करून थोडासा द्या. उरलेला, शिळा पालक बाळाला देऊ नका.

थोडक्यात सांगायचे तर भाजी नवी, पण नियम जुनेच. मीठ मोजून घाला, ताजे करून खा आणि एखादा पदार्थ कितीही चांगला असला तरी तो रोजच्या रोज सुरू करण्यापूर्वी आपल्या गोळ्यांची यादी एकदा आठवा. घरात वॉरफरिन घेणारे कोणी असेल तर आजच त्यांच्याशी या विषयावर दोन मिनिटे बोला.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजारानुसार आणि औषधांनुसार आहार ठरवताना तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)