चाकातून घरघर येते? आधी कान लावा, मग पाना लावा

गाडी हे आता चैनीचे साधन राहिलेले नाही. आठवडी बाजार करणारा व्यापारी असो, साइटवर जाणारा सुतार असो की भाड्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर, गाडी उभी राहिली की त्याची रोजी उभी राहते. अशा गाडीच्या चाकातून एके दिवशी खरखर सुरू होते. कारण कळत नाही, गॅरेजवाल्यांचा सल्लाही एक नसतो आणि खिसा मात्र रिकामा होत जातो. म्हणूनच या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

आमचे एक स्नेही कापडाचे व्यापारी आहेत. मालेगावचा माल छोट्या गाडीत भरून ते बाजार करतात. पावसाळा सरता सरता त्यांच्या गाडीतून घरघर येऊ लागली. एका गॅरेजात पुढचे ब्रेक पॅड बदलले, आवाज तसाच राहिला. दुसऱ्या गॅरेजात पुढच्या उजव्या चाकाचे बेअरिंग बदलले, तरीही फरक पडला नाही. दोन ठिकाणचे पैसे गेले आणि दोन बाजार बुडाले. शेवटी ते आमच्या ओळखीच्या एका वृद्ध उस्तादांकडे गेले, तेव्हा आम्हीही सोबत होतो.

उस्तादांनी पाना हातात घेतला नाही. आधी प्रश्न विचारले. "सेठ, आवाज कधीपासून? ब्रेक दाबल्यावर वाढतो का? वळणावर बदलतो का? गाडी पाण्यातून गेली होती का?" शेवटच्या प्रश्नावर आमच्या स्नेह्यांना आठवले. महिन्यापूर्वी एका ओढ्यावर गुडघाभर पाण्यातून त्यांनी गाडी काढली होती. अर्धे निदान तिथेच झाले.

आवाज केव्हा येतो?

चाकाच्या आवाजाची कारणे मोजकीच असतात आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली असते.

ब्रेकवर पाय ठेवताच आवाज येत असेल तर आधी पॅड पाहावेत. पॅड झिजत आले की बऱ्याच गाड्यांत एक पत्र्याची जीभ डिस्कला लागून चीं असा आवाज करते. ती सूचना असते. तिकडे दुर्लक्ष केले की लोखंडावर लोखंड घासते, मग चीं जाऊन खरखर येते आणि डिस्कही कापली जाते. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास उरला की पॅड बदललेले बरे. मागच्या ड्रममधील लायनरचेही तसेच आहे.

खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश घासणे सुरू झाले तर घाबरू नये. डिस्कच्या मागे एक पातळ पत्रा असतो. तो आणि डिस्क यांच्यामध्ये खडा अडकतो किंवा पत्रा वाकून डिस्कला लागतो. खडा काढला, पत्रा सरळ केला की काम झाले. इथे पार्ट बदलण्याचा प्रश्नच येत नाही. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. सकाळी दोन-चार ब्रेक मारेपर्यंत ती घासते, पुढे आवाज आपोआप थांबतो.

स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कट-कट असा आवाज आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट तपासावा. त्यावरचे रबर फाटले असेल तर आतले ग्रीस आसपास उडालेले दिसते.

डांबरी रस्ता बदलला की आवाज बदलतो, असे असेल तर संशय टायरवर घ्यावा. टायरवरून तळहात फिरवावा. उंच-सखल झीज हाताला कळते. टायर पुढचे मागे केले की आवाजही जागा बदलतो.

गाडीचा वेग वाढेल तशी घरघर वाढते, क्लच दाबून इंजिनचा आवाज खाली आणला तरी ती कमी होत नाही, तेव्हा बहुधा बेअरिंग बोलत असते. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे वाहन नाही हे पाहून, गाडी हलकीच डावीकडे-उजवीकडे घ्यावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी आवाज वाढला तर साधारणपणे दोष उजव्या बाजूला असतो. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूला.

बाजू कळली, चाक कोणते?

आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत दुसऱ्या गॅरेजची चूक इथेच झाली. बाजू उजवी हे त्यांनी बरोबर ओळखले, पण पुढचे की मागचे हे तपासलेच नाही. आवाज गाडीच्या सांगाड्यातून प्रवास करतो, त्यामुळे नुसता कान फसतो.

उस्तादांनी गाडी सपाट जागी घेतली, जमिनीवरच्या चाकांना दगड लावले, जॅकने गाडी उचलून खाली घोडी लावली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हा त्यांचा दंडक आहे. चाक वर-खाली धरून हलवले. असे हलवताना चाकात खेळ जाणवला तर बेअरिंगचा संशय येतो. फक्त डाव्या-उजव्या टोकाला धरल्यावर पुढच्या चाकात खेळ आला तर स्टीअरिंगचे जोड पाहावे लागतात. मग एका हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवून दुसऱ्या हाताने त्यांनी चाक फिरवले. पुढचे उजवे चाक लोण्यासारखे फिरले. मागच्या उजव्या चाकाला मात्र स्प्रिंगमधून वाळू दळल्यासारखी थरथर बोटांना लागली. ड्रम उतरवला तर बेअरिंगमधल्या ग्रीसचा तांबूस चिखल झाला होता. ओढ्याचे पाणी सीलमधून आत शिरले होते.

हा आवाज कानाला त्रास देतो एवढ्यावर प्रकरण संपत नाही. बेअरिंग पार गेले तर ते जाम होऊ शकते, चाक निखळूही शकते. भरलेली गाडी घाट उतरत असताना हे घडले तर काय होईल, हे सांगायला नको. चाकाचे नट सैल असले तरी असेच विचित्र आवाज येतात. म्हणून सर्वांत आधी पान्याने नट तपासावेत. याला पैसाही लागत नाही.

कारागीर बांधवांसाठी

जुन्या अँबॅसेडर, पद्मिनीच्या पुढच्या चाकांत बेअरिंग उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसवता येत असे. आजच्या बहुतेक गाड्यांत ते सीलबंद येते, बिघडले की बदलावेच लागते. ते हातोड्याने ठोकून बसवू नये. प्रेसवर, आणि जी कडी घट्ट बसायची तिच्यावरच दाब देऊन बसवावे. चुकीच्या कडीवर दाब दिला की तो गोळ्यांतून जातो, आत खाचा पडतात आणि नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत घरघरू लागते. एबीएस असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय कडी असते. तिची बाजू उलटी झाली तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर काम करत नाही. नट टॉर्क पान्यानेच, कंपनीने दिलेल्या मापाने आवळावा.

स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्यांनाही एक सांगणे आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, आपल्या बाजाराची पत मालाच्या खरेपणावर टिकते. नावाजलेल्या कंपनीच्या डब्यात नकली बेअरिंग घालून देणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळणे. घेणाऱ्यानेही पक्के बिल मागावे आणि बदललेला जुना पार्ट परत घ्यावा.

मजुरी कशाची?

उस्तादांनी तपासणीचे पैसे वेगळे सांगितले आणि बेअरिंगचे वेगळे. आमच्या स्नेह्यांनी ते आनंदाने दिले. आम्हाला वाटते, सगळ्या प्रकरणाचे मूळ इथेच आहे. आपले गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, पण दोष शोधण्याच्या अकलेचे द्यायला कुरकुरते. मग कारागीरही तपासण्याऐवजी पार्ट बदलत सुटतो. यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि कारागिराचे नाव जाते.

तेव्हा मालकाने गॅरेजात जाताना आवाज केव्हा येतो, कोणत्या वेगाला येतो, ब्रेकवर आणि वळणावर काय होते, हे कागदावर लिहून न्यावे. कारागिराने ते वाचून स्वतः गाडी चालवून पाहावी आणि तपासणीची मजुरी मोकळेपणाने मागावी. मालकानेही ती द्यावी. दोन चुकीचे पार्ट बदलण्यापेक्षा ती नक्कीच स्वस्त पडते. आमच्या स्नेह्यांनी पुढचा बाजार चुकवला नाही. आता गाडीत कसलाही आवाज आला की ते आधी कागद-पेन काढतात.