विश्लेषण : जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातला फोटो ‘दस्तऐवज’ कसा ठरतो?

हिवाळा आला की मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता अशा शहरांत व्हिंटेज गाड्यांचे मेळावे भरू लागतात. दिल्लीतील ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या रॅलीची परंपरा तर १९६४ पासूनची. गर्दीतला जवळपास प्रत्येक जण मोबाइल काढतो. चकचकीत बॉनेट आणि त्यापुढे सेल्फी, एवढ्यावर बहुतेकांचे काम आटोपते. मात्र नीट काढलेला एखादा फोटो पुढे दुसरी गाडी मूळ रूपात उभी करण्यासाठी पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो. कसा, ते पाहू.

व्हिंटेज की क्लासिक?

बोलताना कोणतीही जुनी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. जाणकार तसे म्हणत नाहीत. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गीकरणात १९०५ ते १९१८ मधील गाड्या ‘व्हेटरन’, १९१९ ते १९३० मधील ‘व्हिंटेज’ आणि १९३१ ते १९४५ मधील ‘पोस्ट व्हिंटेज’. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांना सर्वसाधारणपणे ‘क्लासिक’ म्हटले जाते. ऐतिहासिक म्हणवून घेण्यासाठी वाहन किमान ३० वर्षे जुने हवे.

आपला कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. अट अशी, की ती मूळ रूपात असावी; चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क असून ती १० वर्षे चालते. नूतनीकरणाला पाच हजार रुपये. नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, आधी नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे वा देखभाल यासाठी रस्त्यावर आणता येते; रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही.

फोटोचा संबंध कुठे येतो?

‘मूळ रूप’ म्हणजे नेमके कोणते, हा कळीचा प्रश्न. ७०-८० वर्षांत गाडी अनेक हातांतून जाते. सीटचे कापड बदलते, डॅशबोर्डवरची बटणे हरवतात, दिवे दुसऱ्याच गाडीचे बसतात. माहितीपुस्तिका मिळाली तरी ती पुरेशी ठरेलच असे नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी करत असे. इथल्या गाडीचे स्टीअरिंगच उजवीकडे असल्याने अमेरिकी पुस्तिकेतली सगळी चित्रे तिला लागू पडत नाहीत. अशा वेळी त्याच मॉडेलची दुसरी गाडी हाच आधार असतो. म्हणून नव्याने रंगवलेल्या गाडीइतकीच, किंबहुना जास्त, कोपऱ्यात उभी असलेली रंग उडालेली गाडी पाहण्याजोगी असते. तिच्यावर कारखान्यातल्या मूळ खुणा शिल्लक असण्याची शक्यता अधिक.

मोबाइलवर फोटो कसा घ्यावा?

सकाळी लवकर पोहोचावे. ऊन कोवळे आणि गर्दी कमी असते. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. अगदी जवळून फोटो घेतला, तर बंपर फुगलेला आणि मागचा भाग आक्रसलेला दिसतो. १०-१५ फूट मागे सरून दुप्पट झूम वापरावे आणि गुडघ्यावर बसून हेडलाइटच्या उंचीवरून फोटो घ्यावा. क्रोमवर आपलेच प्रतिबिंब उमटते, त्यामुळे गडद कपडे बरे आणि समोरून घेण्याऐवजी थोडे तिरके उभे राहावे. आधी पूर्ण गाडी, मग डॅशबोर्ड, सीटची शिलाई, दाराच्या मुठी, दिवे आणि कंपनीची पट्टी असा क्रम ठेवावा. बॉनेट उघडे असेल तर इंजिनही टिपावे.

पथ्ये कोणती?

परवानगीशिवाय हात लावू नये, दार उघडू नये. पट्ट्याचे बकल, खांद्यावरची बॅग आणि अंगठी यांनी रंगावर ओरखडे उमटतात. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा असल्यास मालकाला विचारावे, नंबरप्लेट झाकावी. मूळ फोटो मात्र तसाच जपावा. ‘एमएच’ मालिकेपूर्वीचा क्रमांक हाही गाडीच्या इतिहासाचा भाग आहे.

‘पद्मिनी’चे काय झाले?

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मुंबईकरांनी टॅक्सी म्हणून रोज पाहिली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. बॉनेटच्या बाजूला बाहेर बसवलेला यांत्रिक मीटर, टपावरचे कॅरिअर, स्टीअरिंगखालचा गिअर हे सगळे इतके परिचयाचे होते, की त्याचे जवळून फोटो काढावेत असे फारसे कुणाला वाटले नाही. आता खासगी मालकांकडच्या पद्मिनी मेळाव्यांत ‘क्लासिक’ म्हणून दिसू लागल्या आहेत आणि टॅक्सीच्या रूपातली पद्मिनी पुन्हा उभी करायची तर जुने फोटोच शोधावे लागतात. मेळाव्यातून परतल्यावर प्रत्येक फोटोसोबत तारीख, ठिकाण, मॉडेल आणि मालकाने सांगितलेली माहिती लिहून ठेवावी, ती याचसाठी.