सिद्धार्थ उद्यानात लेकरांना नेताना

सुट्ट्या लागल्या, गावाकडून खालाची, फुफीची लेकरं आली की घरात एकच मागणी सुरू होते, "शेर बघायला चला!" आपल्या शहरात त्याचा पत्ता ठरलेला, मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे महापालिकेचे सिद्धार्थ उद्यान. प्राणिसंग्रहालय लहानच आहे. मुंबईच्या राणीबागेसारखे पेंग्विन इथे मिळणार नाहीत. पण बालवाडी ते दुसरी-तिसरीच्या लेकरांना लहान जागाच बरी, असे आम्ही शिक्षक मंडळी पालकांना सांगतो. पाय दुखायच्या आत सगळे बघून होते.

जायचे तर सकाळी लवकर जा. वाघ-बिबट्याची जात पहाटे आणि संध्याकाळी फिरणारी, भर दुपारी ती झोपणारच. मग "हा तर उठतच नाही" म्हणून मोठी माणसेच शिट्ट्या मारतात, जाळी वाजवतात, खडे टाकतात. लेकरं बघतात आणि तेच शिकतात. प्राणिसंग्रहालयात जनावराला छेडणे, खायला टाकणे, कचरा करणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. केळे किंवा कुरकुऱ्याचे पाकीटसुद्धा त्यात आले.

उर्दू शाळेतल्या मुलांची एक गंमत असते. पिंजऱ्यापुढे ती "शेर, शेर" ओरडतात आणि पाटीवर लिहिलेले असते वाघ. उर्दू बोलण्यात वाघालाही शेर आणि सिंहालाही शेर, फार तर सिंहाला बबर शेर. इथेच समजावून द्या की पट्टेवाला तो वाघ, आयाळवाला तो सिंह. वहीतला अर्धा गोंधळ जागेवरच मिटतो. मगरीपाशीही हसू येते, कारण उर्दूत 'मगर' म्हणजे 'पण'! ती तोंड उघडून पडलेली दिसली तर पोरं "मेली" म्हणतात. ती मेलेली नसते. तिला घाम येत नाही, तोंड उघडून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते.

पांढऱ्या वाघाला अनेक जण वेगळी जात समजतात. तो आपलाच वाघ. आई-बाप दोघांकडून एक विशिष्ट गुण आला तर बछडा पांढरा होतो. पट्टे राहतात, डोळे निळसर दिसतात. 1951 मध्ये रीवाच्या महाराजांनी 'मोहन' नावाचा पांढरा बछडा पकडला होता. आज ठिकठिकाणी दिसणारे पांढरे वाघ बहुतेक त्याच्याच वंशातले.

पण खरा अवघड प्रश्न पाच-सहा वर्षांचे लेकरू विचारते, "याला कोंडलं कशाला? याने काय केलं?" यावर "मस्ती केली म्हणून, तुलापण कोंडतील" असे उत्तर आम्ही किती वेळा ऐकले आहे! असे सांगू नये. खरे सांगावे. इथले किती तरी वाघ इथेच जन्मले. जंगलात बछडा सुमारे दोन वर्षे आईमागे राहून शिकार शिकतो, ते यांना मिळाले नाही. आता सोडले तर त्यांना पोट भरता येणार नाही आणि ते वस्तीकडे येतील. मांजरीला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस बऱ्याच मुलांनी मकतबमध्ये ऐकलेली असते, ती त्यांना इथे आठवतेच. तेव्हा सांगा, ज्याने कोंडले त्याच्यावर खाण्यापाण्याची आणि जागेची जबाबदारी येते. इथली जागा कमी पडते, हेही लपवू नका. म्हणूनच महापालिकेने मिटमिट्याला मोठे सफारी पार्क हाती घेतले आहे. वाघ एकाच रेषेत सारख्या येरझाऱ्या घालत असेल तर "फिरायला निघाला" म्हणू नका, बंदिस्त जनावराला लागलेली ती सवय असते.

सापांच्या भागात एवढे पुरे की साप दूध पिण्यासाठी जगत नाही आणि पुंगीच्या सुरावर नाचत नाही. तो हलणाऱ्या पुंगीकडे बघून डोलतो. जीभ बाहेर काढतो ती वास घेण्यासाठी.

मत्स्यालय शेवटी ठेवा. तोवर लेकरं दमलेली असतात आणि अंधारात उजळलेल्या टाक्या त्यांना आपोआप गप्प करतात. काचेवर मात्र टकटक करू देऊ नका. माशाच्या दोन्ही अंगांना एक रेषा असते, पाण्यातला लहानसा धक्काही तिला कळतो. आपली टकटक त्याला केवढी वाटत असेल! मग कुणी तरी विचारतेच, "मासे झोपतात का?" झोपतात, पण बहुतेकांना पापणीच नसते, म्हणून डोळे उघडे. हे ऐकले की पोरं एकेका टाकीला नाक लावून झोपलेला मासा शोधत बसतात. शोधू द्या. तोवर एकाने बाहेर जाऊन, पिंजऱ्यांपासून लांब, बागेत सावली बघून दस्तरखान अंथरावे.