हिमालयाचे वळण उकलणारे सुरतकर

सुरतेहून रेल्वेने उत्तरेकडे निघाले, की तापी ओलांडल्यावर कोसाडचा परिसर लागतो. येथे जमीन खणली असता खडक नव्हे, गाळ लागतो. खानदेशच्या काळ्या पत्थराची झीज होऊन तापीने वाहून आणलेली ही माती होय. खडक सहसा दृष्टीस न पडणाऱ्या या मुलखात, सुरत शहरी, १८८३ साली दाराशा नौशेरवान वाडिया जन्मले. आणि हिमालयाच्या खडकांचे एक मोठे कोडे पुढे त्यांनीच उकलले.

वाडियांचे उच्च शिक्षण बडोदा कॉलेजात झाले. परदेशी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९०७ साली ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात अध्यापक झाले. सुटी लागली, की ते भोवतालच्या डोंगरांत हिंडत, खडकांचे व अश्मीभूत अवशेषांचे नमुने गोळा करीत. विद्यार्थ्यांना आपल्याच देशाची भूरचना कळावी, म्हणून त्यांनी लिहिलेला 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९१९ साली प्रसिद्ध झाला. १९२१ मध्ये, चौदा वर्षांच्या अध्यापनानंतर, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात गेले.

आता त्यांच्या संशोधनाकडे वळू. पूर्वेकडून येणारी हिमालयाची रांग ८,१२६ मीटर उंचीच्या नंगा पर्वताजवळ एकाएकी दक्षिणेस वळते. येथे दोन निराळे पर्वत एकमेकांस भेटतात, की एकच पर्वत वाकला आहे? वाडियांनी वळणाच्या दोन्ही बाजूंचे थर पायी फिरून तपासले. तेच खडक, त्याच क्रमाने, दोन्हीकडे आढळले. अर्थात पर्वत एकच. मग तो वाकला का? पंजाबच्या मैदानाखाली भारतीय भूखंडाचे कठीण टोक दडलेले आहे; घड्या पडत असताना त्याचा अडसर झाला आणि थर त्याच्याभोवती वळले, असे त्यांनी १९३१ साली मांडले. भूपट्टांच्या हालचालींचा सिद्धान्त रूढ होण्यास तेव्हा तीन दशके अवकाश होता.

१९५७ साली वाडिया लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९६९ साली त्यांचे निधन झाले. डेहराडून येथील हिमालय भूविज्ञान संस्थेस त्यांचेच नाव आहे. विलायती पदवीवाचून, सुटीच्या दिवसांत डोंगर पालथे घालणाऱ्या एका कॉलेज-शिक्षकाचे हे स्मारक आहे, ही गोष्ट आमच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.