हायपो घरी बनवताना

मागच्या वेळी आपण डेव्हलपरपाशी थांबलो होतो. प्रिंट डेव्हलप झाली, स्टॉप बाथमधून निघाली, आता फिक्सरमध्ये जायची. आम्ही जुनी माणसं त्याला हायपोच म्हणतो.

कागदावर जिथे उजेड पडला नाही, तिथले चांदीचे क्षार तसेच शिल्लक असतात. ते विरघळवून काढले नाहीत तर पुढे उजेडात काळवंडतात. सोडियम थायोसल्फेट हे काम करतं. त्याचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता. १८३९ मध्ये छायाचित्र टिकवायचं कसं हा प्रश्न आला, तेव्हा उत्तर त्यांच्याकडे तयार होतं! उत्तर आधी, प्रश्न वीस वर्षांनी. यावर मी तासभर बोलू शकेन, पण नको.

कृती सोपी आहे. कोडॅकचं एफ-२४ हे जुनं सूत्र घ्या. ५०० मिली पाणी, साधारण ५० अंश सेल्सियस. त्यात २४० ग्रॅम हायपोचे खडे. हे विरघळताना पाणी चक्क गार पडतं, म्हणून सुरुवातीला गरम घ्यायचं. मग १० ग्रॅम सोडियम सल्फाइट, आणि ते पूर्ण विरघळल्यावरच २५ ग्रॅम सोडियम बायसल्फाइट. थंड पाणी घालून एक लिटर करा. क्रम मोडू नका. सल्फाइटच्या आधी आम्ल पडलं तर हायपो फुटतो, गंधक सुटतं आणि पाणी दुधाळ होतं. खड्यांऐवजी निर्जल पूड मिळाली तर २४० च्या जागी १५३ ग्रॅम. खिडकी उघडी ठेवा, आणि स्वयंपाकघरातला चमचा, पातेलं यात आणायचं नाही.

आता खरी अडचण. अर्धवट फिक्स झालेली प्रिंट आणि नीट फिक्स झालेली प्रिंट, डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. मी आईचा एक फोटो छापला होता. हायपो बरेच दिवस वापरलेला, किती प्रिंट्स झाल्या ते मोजलेलं नाही. काटकसर, दुसरं काय! प्रिंट पांढरीशुभ्र निघाली. पंधरा वर्षांनी कपाटातून काढली तर गालावर तपकिरी डाग. निगेटिव्ह तोवर हरवली होती.

झालं काय होतं? थकलेल्या हायपोत चांदीची अशी संयुगं बनतात, की ती पाण्याने धुतली जात नाहीत. तुम्ही तासभर धुवा, ती कागदातच बसून राहतात आणि सावकाश सिल्व्हर सल्फाइड होतात. तोच तो डाग.

म्हणून दोन ट्रे ठेवा. पहिल्यात चार मिनिटं, दुसऱ्यात चार. बहुतेक चांदी पहिल्यात उतरते, दुसरा ताजा राहतो. लिटरमागे आठ बाय दहाच्या २५ प्रिंट्स झाल्या की मी पहिला काढून टाकतो, दुसऱ्याला पहिल्या जागी आणतो आणि नवा दुसरा बनवतो. पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकून बघायची चाचणी आहे, पण ती फिल्मच्या हायपोला ठीक. कागदासाठी ती फार उशिरा बोलते. त्यापेक्षा भिंतीवर पेन्सिलने रेघा मारा. माझ्या डार्करूमची भिंत बघाल तर वाण्याचं खातं वाटेल.

वापरलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात चांदी आहे. बादलीत स्टील वूल टाकून काही दिवस ठेवा, लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. प्रिंट धुण्याचं पुढच्या वेळी.