उन्हाळ्याची सुटी आणि मध्यान्हीची सावली

उन्हाळ्याची सुटी लागली की पंधरा वर्षांच्या मुलाला कोणत्या कामात गुंतवावे, हा प्रश्न पुष्कळ आईवडिलांपुढे उभा राहतो. या वयात मुलगा वडीलधाऱ्यांचे प्रत्येक म्हणणे पारखून पाहू लागतो, ‘कशावरून?’ हा शब्द सदैव त्याच्या ओठांवर असतो. कित्येक घरांत हा उद्धटपणा समजला जातो. वास्तविक शास्त्राचा आरंभ याच प्रश्नापासून होतो. तेव्हा त्याला दटावण्याऐवजी, ज्याचा पडताळा स्वतः घेता येईल असे एखादे काम सर्व कुटुंबाने मिळून हाती घ्यावे. पृथ्वीचा परीघ मोजणे हे तसे काम होय. त्यास सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी व कोनमापक एवढे साहित्य पुरते.

भोपाळ येथे राहणारे एक कुटुंब कल्पावे. मुलाची आत्या हैदराबादेस असते. ही दोन शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर वसलेली आहेत. दरवर्षी ९ मेच्या सुमारास, दुपारी १२ वाजून १२ मिनिटांनी, सूर्य हैदराबादच्या अगदी डोक्यावर येतो आणि ताठ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लोपते. हे आत्येने पाहावयाचे. भोपाळ उत्तरेस असल्यामुळे तेथे त्याच दिवशी सूर्य किंचित दक्षिणेकडे राहतो व काठीची सावली उत्तरेस पडते. ती मुलाने मोजावयाची.

गच्चीवर सपाट जागी १ मीटर उंचीची काठी ओळंब्याने ताठ उभी करावी. बारापासून साडेबारापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली सुमारे १० सेंटिमीटर भरेल. काठी व सावली यांचा त्रिकोण कागदावर प्रमाणात काढला असता त्याचा वरचा कोन सुमारे ६ अंश येतो.

या कोनाचा अर्थ काय? सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने त्याचे किरण पृथ्वीवर जवळजवळ समांतर येतात. दोन्ही काठ्या जमिनीत खोलवर वाढविल्या, तर त्या पृथ्वीच्या केंद्राशी मिळतील आणि तेथेही ६ अंशांचाच कोन होईल. नकाशावरून मोजलेले या शहरांचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे ६५० किलोमीटर आहे; रस्त्याचे अंतर येथे धरू नये. पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांत ६ अंशांचे ६० भाग बसतात. म्हणून परीघ ६० गुणिले ६५०, म्हणजे ३९,००० किलोमीटर येतो. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताने इजिप्तमधील दोन नगरांवरून याच तत्त्वाने हे गणित मांडले होते.

सूर्य हा बिंदू नसून तबकडीसारखा दिसतो, म्हणून सावलीची कड पुसट असते. वडील ती ९ सेंटिमीटर म्हणतील, मुलगा १० म्हणेल. या एका सेंटिमीटरने उत्तरात सुमारे ४,५०० किलोमीटरांचा फरक पडतो! अशा वेळी वडीलपणाच्या जोरावर निकाल देऊ नये, व मुलानेही हट्टास पेटू नये. दोघांनी पुनःपुन्हा मोजून सरासरी काढावी. दुसऱ्या दिवशी सूर्य जेमतेम पाव अंश उत्तरेस सरकलेला असतो. त्यामुळे तेव्हाही ताडून पाहता येते.

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये. डोक्यावर टोपी व जवळ पाणी असावे. सुटी संपेल, खडूच्या खुणाही पुसल्या जातील. परंतु वडिलांचा शब्द असो वा स्वतःचा, तो मोजपट्टीवर उतरला पाहिजे, ही सवय मुलाबरोबर वडिलांनाही लागली, तर त्या दुपारी सार्थकी लागल्या असे समजावे.