ऋतूंचे रंग आणि पॉलिमरची माती

पाश्चात्य देशांत वस्त्रांचे रंग पंचांगाप्रमाणें आगाऊ जाहीर होतात. वसंत व ग्रीष्म यांचा एक संच आणि शरद व हेमंत यांचा दुसरा, असे वर्षांतून दोन संच निघतात. मग लुगड्यापासून पादत्राणांपर्यंत सारा बाजार त्यांच्या मागून चालूं लागतो. ही चाल आजची नव्हे. पहिल्या महायुद्धापूर्वीं अमेरिकेंतील कापडवाले पॅरिसहून येणाऱ्या रंगपत्रिकांवर विसंबून असत. युद्धामुळें तो मार्ग खुंटला, तेव्हां त्यांनीं स्वतःची संस्था काढून आपल्या पत्रिका आपणच छापल्या. पुढें पँटोन या अमेरिकन कंपनीनें २००० सालापासून ‘वर्षाचा रंग’ निवडण्याची प्रथा पाडली. पहिला मान सेरुलियन नामक आकाशी निळ्याला मिळाला. २०१५ सालीं मद्याच्या लालीचा ‘मार्साला’, २०२५ सालीं ‘मोका मूस’ हा तपकिरी, आणि २०२६ साठीं ‘क्लाउड डान्सर’ हा शुभ्र रंग निवडला गेला.

रंगपत्रिका रंगाचें नांव सांगते, नमुना दाखविते. तो कशाकशाचा झाला आहे हें मात्र सांगत नाहीं. पॉलिमर क्लेचे मणी, कर्णफुलें, गुंड्या घरीं करण्याची ज्यांना हौस आहे, त्यांची खरी परीक्षा येथेंच असते. दर ऋतूला नव्या रंगाच्या वड्या विकत घेत बसावें, कीं चार-पांच मूळ रंगांतून हवी ती छटा आपल्या हातानें उतरवावी? पहिल्या मार्गांत खर्च तर आहेच, शिवाय कंपनीनें एखादा रंग बंद केला कीं हात आखडतो.

पॉलिमर क्ले ही नांवाचीच माती. पी.व्ही.सी. या प्लास्टिकची भुकटी, तिला मऊ ठेवणारें तेलकट द्रव्य आणि रंग यांचा हा मळलेला गोळा. तो उघड्यावर मातीप्रमाणें वाळत नाहीं. ओव्हनमध्यें भाजला म्हणजेच कठीण होतो. जर्मनींतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांच्या कन्येनें या द्रव्यावर प्रयोग केले, आणि १९६४ मध्यें एबरहार्ड फाबर या कंपनीनें तें हातीं घेतलें. ‘फिमो’ तें हेंच.

आतां मिश्रणाकडे वळूं. ऋतुपत्रिकेंतील रंग क्वचितच निर्भेळ असतात. ते किंचित् दबलेले, धुरकटलेले असतात, व तोच त्यांचा डौल. दुकानांतील वड्या मात्र मुलांच्या खेळण्यांप्रमाणें लखलखीत. रंग दबवावयाचा म्हणजे त्यांत काळा घालावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत. परंतु काळ्यानें रंग मरतो, पिवळा तर चक्क हिरवट होतो. त्यापेक्षां विरोधी रंगाचा कण घालावा: लालाला हिरव्याचा, निळ्याला नारिंगीचा, पिवळ्याला जांभळ्याचा. रंग खालीं बसतो, पण जिवंत राहतो.

लालांतही जाति आहेत. शेंदरी लाल व निळा एकत्र मळल्यास जांभळा न होतां मळकट तपकिरी होतो, कारण शेंदरींत पिवळा आधींच दडलेला असतो. स्वच्छ जांभळ्यासाठीं किरमिजीच हवा. पण जांभळ्यांत जो दोष, तोच मार्सालांत गुण! त्यासाठीं १६ भाग किरमिजी, ६ भाग पिवळा, १ भाग निळा व ३ भाग पांढरा येथून आरंभ करावा आणि नमुन्याशीं ताडून कमीजास्त करावें. कारण एका कंपनीचा पिवळा दुबळा तर दुसरीचा निळा अति जहाल, असें नेहमींच असतें. आपल्याकडील अंजिरी रंग ज्यांच्या डोळ्यांत बसलेला आहे त्यांना ही दबलेली लाली ओळखूं येण्यास वेळ लागणार नाहीं. (पैठणीची धूपछांव मात्र या मार्गानें साधत नाहीं. तेथें दोन रंगांचे धागे वेगळेच राहतात, येथें रंग एकजीव होतो.)

‘भाग’ मोजण्यास तराजू नको. सर्व रंगांच्या सारख्या जाडीच्या पोळ्या लाटून एकाच लहान साच्यानें चकत्या पाडाव्या. एक चकती तो एक भाग. फिकट रंगांत गडद कणाकणानें मिसळावा, उलट कधींही नाहीं. एरवीं मूठभर निळा सुधारण्यापायीं पिवळ्याच्या वड्या संपतात. रंग नुसता सौम्य करावयाचा असून पांढरेपणा नको असेल तर पारभासक क्ले घालावी. दोन रंगांमधील सर्व पायऱ्या पाहण्याची इच्छा असल्यास ज्युडिथ स्किनर या अमेरिकन कलावतीची युक्ति अवलंबावी: दोन रंगांचे काटकोन त्रिकोण तिरक्या कडेनें जोडून चौकोन करावा व तो नेहमीं एकाच दिशेनें दुमडून पुनःपुन्हां लाटावा. कांहीं वेळानें एका रंगांतून दुसरा उमलल्यासारखा दिसूं लागतो.

भाजल्यावर रंग बहुधा थोडा गडद होतो. म्हणून प्रत्येक मिश्रणाची एक चकती आधीं भाजून पाहावी, मागें प्रमाण लिहावें, व भोंक पाडून दोऱ्यांत ओवून ठेवावी. कच्ची चकती वहींत ठेवूं नये. तिचें तेल कागदांत उतरतें.

भाजण्याविषयीं मात्र सैल राहूं नये. वेष्टनावर जें तापमान असेल, फिमोचें ११० अंश सेल्सिअस, तें ओलांडूं नये. फार तापल्यास ही वस्तु करपून डोळे व घसा झोंबविणारा हायड्रोजन क्लोराइड वायु सोडते. पोळपाट, लाटणें, साचे, यंत्र हीं सर्व या कामासाठीं वेगळीं ठेवावींत व पुन्हां स्वयंपाकांत घेऊं नयेत. दहा माणसांचें घर, एकच स्वयंपाकघर. हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नसून आरोग्याचा आहे.

आणि क्लाउड डान्सर? तो दिसतो सर्वांत सोपा, परंतु छळतो सर्वांत जास्त. बोटांवर राहिलेला लाल, लुगड्याची कुसें, हवेंतील धूळ, सारें त्यावर उमटतें. त्या दिवशीं हात धुऊन प्रथम पांढरा मळावा, मग फिकट रंग, आणि किरमिजीची वडी सर्वांत शेवटीं सोडावी.